छातीत हवा भरली, बिल कोण भरणार?

तारकर्लीला स्कुबा करताना श्वास रोखून वर आले, तर फार खोलवरून नसले तरी फुप्फुस फाटून छातीत हवा साठू शकते. वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्याचे, जुना क्षय असलेल्याचे किंवा अपघातात बरगडी मोडलेल्याचे फुप्फुसही असेच फाटून आकसू शकते. हवा जास्त असेल तर बरगड्यांमधून नळी घालून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडतात. बाटलीतले बुडबुडे थांबून एक्स-रेत फुप्फुस फुललेले दिसेपर्यंत सहसा घरी सोडत नाहीत. त्यामुळे बिल फुगते ते खाटेच्या दिवसांनी.

ते कोण भरणार, हे बरेचदा डिस्चार्ज कार्डावरच्या निदानावर आणि आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या कोडवर ठरते. छातीत हवा आपोआप साठली असेल तर जे९३.१, मार लागून साठली असेल तर एस२७.०. हवा न साठता फुप्फुसाचा भाग मिटला असेल तर जे९८.१. अमेरिकेने आपोआप हवा साठण्याचेही दोन भाग केले आहेत: निरोगी फुप्फुसात झालेले आणि जुन्या आजारामुळे झालेले. आपल्याकडे कोडमध्ये हा फरक दिसला नाही, तरी विमा कंपनी नेमके तेच विचारते. कारण पॉलिसी घेण्याआधीचा जुना आजार निघाला की त्यासाठीचा प्रतीक्षाकाळ आड येतो. २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने आहे.

म्हणून कार्डावर नुसते ‘लंग कोलॅप्स’ घेऊन घरी जाऊ नका. कारण लिहून मागा. पण खरे तेच. स्कुबाबाबत आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटीत वगळलेला आहे तो व्यवसाय म्हणून बुडी मारणारा. हौशी पर्यटकाचा दावा केवळ त्या अटीवर नाकारला, तर पॉलिसीतले शब्द दाखवून भांडा. तारकर्ली-मालवणातल्या स्कुबा गाइड पोरांनी मात्र साध्या आरोग्य विम्यावर विसंबू नये, मालकाकडे वेगळ्या अपघात विम्याची मागणी करावी. जीव त्यांचा रोजच पणाला लागतो.

विमा नसेल तर महाराष्ट्र सरकारच्या महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन दाखल होतानाच रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठा आणि कोणते पॅकेज बसते ते विचारा. गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे ठरले तर तिथे २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना शुल्क लागते, हे धरून चाला.

दावा फेटाळला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. केसपेपरच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. एक्स-रेच्या फिल्म जपून ठेवा.