साधनांची पारख : 1902 चा हुकूम कसा वाचावा?



प्रबंध लिहावयास बसलेला विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो, तो 'पुस्तके कोणती वाचू?' हा होय. प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. 'पुस्तकातील ही गोष्ट लेखकाला कोठून कळली?' हा दुसरा प्रश्न त्याने विचारलाच पाहिजे. ज्या समाजाला शतकानुशतके लेखणी धरू दिली नाही, त्याच्याविषयीचे बहुतेक जुने कागद परक्या हातचे आहेत. म्हणून साधने शोधणे व पारखणे ही आपल्यासाठी केवळ परीक्षेची बाब नाही. आपल्या एका विधानाचा पुरावा कच्चा निघाला, की विरोधक त्याच्याबरोबर आपली दहा खरी विधानेही फेटाळून लावतो.

हा पाठ कोल्हापुरातीलच एका उदाहरणाने समजून घेऊ. राजर्षी शाहू छत्रपतींनी 26 जुलै 1902 रोजी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा 50 जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. हे आपण सर्वजण भाषणांत सांगतो. परंतु हुकूम स्वतः वाचलेले किती?

1. मूळ कागद गाठावा. हुकूम, गॅझेट, पत्रव्यवहार, त्या वेळची वृत्तपत्रे ही मूळ साधने. त्यांवरून नंतर लिहिलेली चरित्रे व लेख ही दुय्यम साधने. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानचे दप्तर आहे. शिवाजी विद्यापीठाने शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंड छापले आहेत. 1850 साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिरही गावातच आहे. दुय्यम पुस्तकाने सुरुवात करण्यास हरकत नाही. तेथेच थांबू नये, एवढेच.

2. शब्दाचा त्या काळचा अर्थ पाहावा. हुकुमातील 'मागासलेले वर्ग' म्हणजे कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे, असा अर्थ हुकुमातच दिला आहे. म्हणजे त्यात मराठेही आले आणि अस्पृश्यही आले. आजच्या कायद्यातील अर्थ मनात धरून जो हा हुकूम वाचील, तो चुकीचा निष्कर्ष काढील.

3. हुकूम आणि अंमल वेगळे समजावेत. हुकूम निघाला, एवढेच हुकुमाने सिद्ध होते. जागा भरल्या की नाही, त्यासाठी नोकरांच्या याद्या व कारभाराचे अहवाल पाहावे लागतात. संस्थानच्या सर्वसाधारण कारभारात 1894 साली 71 जागांपैकी 60 ब्राह्मणांकडे होत्या. 1912 साली 95 पैकी 35 होत्या, असे आकडे चरित्रग्रंथांत आढळतात. यावरून मोठा बदल झाला हे दिसते. पण उरलेल्या 60 जागांपैकी अस्पृश्यांना किती मिळाल्या? या आकड्यांत त्याचे उत्तर नाही. आकडा जेवढे सांगतो तेवढेच त्याच्याकडून घ्यावे. आपल्या संशोधनाचे काम खरे तर येथूनच सुरू होते.

4. लेखक कोण, हे विचारावे. अण्णासाहेब लठ्ठे यांचे इंग्रजी चरित्र 1924 सालचे आहे, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर अवघ्या दोन वर्षांनी आलेले. लठ्ठे यांनी महाराजांना जवळून पाहिले होते. धनंजय कीर यांनी त्यानंतर पन्नासएक वर्षांनी लिहिले. जवळचा माणूस पुष्कळ पाहतो, पण त्याला राग-लोभही असतात. दूरच्याला अधिक कागद मिळतात, पण प्रसंग पाहावयास मिळत नाही. म्हणून दोघांनाही वाचावे आणि कागदाशी ताडून पाहावे.

5. अनेकांनी सांगितले म्हणून खरे मानू नये. महाराजांची जन्मतारीख कित्येक पुस्तकांत 26 जुलै 1874 अशी छापली गेली. आज 26 जून 1874 ही तारीख मान्य झाली आहे. दहा पुस्तकांनी एकाच पुस्तकावरून उतरून घेतले असेल, तर ते दहा पुरावे होत नाहीत. तो एकच पुरावा होय. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराची गोष्ट तर याहून वाईट. तेथे लेखकाचे नाव नसते आणि सालही नसते.

6. तोंडी आठवणी टिपून ठेवाव्यात. 21 व 22 मार्च 1920 रोजी झालेल्या माणगाव परिषदेविषयी घराघरांत आठवणी सांगितल्या जातात. कागदात न आलेली माणसे त्यांत भेटतात. त्या जरूर लिहून घ्याव्यात; सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की आजोबांकडून ऐकले, हेही सोबत लिहावे. मात्र तारखा आणि भाषणातील शब्द यांसाठी त्या काळचा छापील वृत्तांत शोधावा.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. महापरिनिब्बान सुत्तात चार महापदेश सांगितले आहेत. 'हे मी भगवंतांच्या मुखातूनच ऐकले' असे कोणी म्हटले, तरी त्याचे लगेच अभिनंदन करू नये व निंदाही करू नये. शब्द नीट समजून घेऊन सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावेत, असा तो उपदेश आहे. बाबासाहेबांनीही 'द अनटचेबल्स' या 1948 सालच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, पुराव्याचे दुवे तुटलेले असतील तेव्हा संशोधकाने काय करावे, याची चर्चा केली आहे. महापुरुषांवरील श्रद्धा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. पुरावा शोधण्याचे बळ मात्र ती देते.

स्वाध्याय : आपण भाषणात नेहमी सांगतो असे एक विधान वहीत लिहा. ते प्रथम कोणी, केव्हा, कशावरून लिहिले, याचा मागोवा घ्या. मूळ कागद सापडला तर त्याची तारीख व ठिकाण टिपा. सापडला नाही, तर 'पुरावा मिळाला नाही' असे प्रामाणिकपणे लिहा. तेही संशोधनच आहे.