नित्य योगाभ्यास आणि आरोग्य

कुर्ला हे मध्य आणि हार्बर या दोन रेल्वेमार्गांचे संगमस्थान. एके काळी या परिसराचा दिवस गिरणीच्या भोंग्याने उगवत असे. जमशेटजी टाटा यांनी १८८६ साली घेतलेल्या येथील स्वदेशी मिलचा कामगार सबंध पाळी उभ्याने राबत असे. आज ती मिल इतिहासजमा झाली आहे आणि कामगारांची मुले-नातवंडे वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या ठिकाणी संगणकापुढे बसून काम करतात. प्रवासात लोकलमध्ये दाटीने उभे राहावे आणि उरलेला दिवस खुर्चीत घालवावा, असा हा क्रम आहे. श्रमाचे स्वरूप बदलले, तसे दुखण्याचेही बदलले. मानदुखी, कंबरदुखी, रक्तदाब, मधुमेह आणि निद्रानाश ही नावे आता घरोघरी ऐकू येतात.

देवळात येणाऱ्या भाविकांमध्येही हा बदल दिसतो. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना प्रवचनाला मांडी घालून बसता येत नाही. प्रसादाच्या पंगतीतून उठताना शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो. शरीराची ही कुरकुर वेळीच ऐकली, तर पुढील पुष्कळ त्रास टळू शकतो. त्यासाठी आपल्याच परंपरेत सांगितलेला आणि आधुनिक वैद्यकानेही तपासून पाहिलेला उपाय म्हणजे नियमित योगाभ्यास होय.

योग म्हणजे काय?

‘युज्’ म्हणजे जोडणे, या धातूपासून ‘योग’ हा शब्द बनला आहे. महर्षी पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. आज ज्याला सर्वसामान्यपणे ‘योगा’ म्हटले जाते, ती आसने व प्राणायाम ही त्यांपैकी केवळ दोन अंगे आहेत. ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अभ्यासाची जागा कशी असावी व आसन कसे घालावे, याचे सविस्तर वर्णन केले आहे. गीतेच्या त्याच अध्यायात आहार, विहार आणि निद्रा यांतील प्रमाणबद्धता ही योगाची पूर्वअट मानली आहे. प्राचीनांचे अंतिम ध्येय चित्ताची शांती व मोक्ष हे होते. शरीराचे आरोग्य हा त्या वाटेवरचा लाभ होता. संसारी माणसाला मात्र हा वाटेवरचा लाभही थोडाथोडका नाही.

मुंबई व महाराष्ट्रातील कार्य

योग हा गिरिकंदरातील साधूंचा विषय आहे, ही समजूत दूर करण्याचे मोठे कार्य याच भूमीत झाले. नर्मदाकाठी मालसर येथे राहणाऱ्या परमहंस माधवदासजी यांच्या दोन शिष्यांचा त्यात मोलाचा वाटा आहे.

पहिले श्री योगेंद्र. त्यांचे मूळ नाव मणिभाई हरिभाई देसाई. त्यांनी २५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोवा येथे ‘दि योग इन्स्टिट्यूट’ची स्थापना केली. स्वतः गृहस्थाश्रमात राहून त्यांनी नोकरदार व संसारी माणसांसाठी सोपी साधना शिकवली. ही संस्था पुढे सांताक्रूझ पूर्वेला स्थिरावली आणि २०१८ साली तिने शंभर वर्षे पूर्ण केली.

दुसरे स्वामी कुवलयानंद. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. अमळनेर येथे अध्यापन केलेल्या या विद्वानाने १९२४ साली लोणावळा येथे ‘कैवल्यधाम’ स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण यंत्राच्या व दाबमापक उपकरणांच्या साहाय्याने पाहिले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात जो ऋण दाब निर्माण होतो, त्याला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. श्रद्धेचा विषयही मोजून-मापून पाहावा, हा धडा त्यांनी शंभर वर्षांपूर्वी घालून दिला.

याच सुमारास औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, दोरी, लाकडी ठोकळा अशा साधनांच्या आधाराने वृद्ध व आजारी माणसांनाही आसने करता येतील, अशी पद्धत विकसित केली.

केईएम रुग्णालयातील शवासनाचा प्रयोग

परळच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. या अभ्यासाचा अहवाल १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषध न घेणाऱ्या रुग्णांचा रक्तदाब उतरला, तर औषध घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या औषधाचे प्रमाण डॉक्टरांना कमी करता आले. पुढे लंडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी विश्रांतीच्या योगिक पद्धतीचा उपयोग करून केलेले अभ्यास १९७३ पासून ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांतही रक्तदाब उतरल्याचे आढळले.

आजच्या कसोटीवर पाहता दाते यांचा प्रयोग लहान होता. शवासन न करणाऱ्या रुग्णांचा तुलनेसाठी स्वतंत्र गट त्यात नव्हता. तरीही त्यातील एक गोष्ट प्रत्येक रुग्णाने ध्यानात ठेवावी. औषध कमी करण्याचा निर्णय तेथे डॉक्टरांनी, रक्तदाब वारंवार मोजून घेतला होता.

नियमित अभ्यासाचे लाभ

१. कणा व सांधे : आसनांमुळे पाठ, पोट व मांड्यांचे स्नायू बळकट होतात आणि आखडलेले सांधे मोकळे होतात. दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी औषधांपूर्वी करावयाच्या उपायांमध्ये अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका प्रमुख संघटनेने २०१७ साली योगाचा समावेश केला.

२. श्वसन : घाईच्या जीवनात श्वास उथळ होतो. प्राणायामाने तो दीर्घ व संथ होतो आणि छातीच्या व पोटाच्या श्वसनस्नायूंना वळण लागते.

३. रक्तदाब व हृदय : श्वास संथ झाला व उच्छ्वास लांबला की शरीराला विश्रांतीकडे नेणारी मज्जासंस्था अधिक कार्यरत होते आणि हृदयाची गती मंदावते. इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि योगमंत्र या दोहोंच्या उच्चाराने श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते व रक्तदाबाचे नियमन करणारी यंत्रणा अधिक संवेदनशील होते, असे दिसले. संथ लयीत नामजप करणाऱ्या भाविकांना याचा अनुभव नवा नाही.

४. मधुमेह : आहारनियमन व औषधोपचार यांच्या जोडीने केलेला योगाभ्यास रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यास साह्य करतो. एकट्या योगावर मात्र विसंबू नये.

५. मन व निद्रा : शवासन, भ्रामरी व ध्यान यांमुळे दिवसभराचा ताण ओसरतो आणि झोप लागण्यास मदत होते.

६. तोल : उतारवयात पडणे व हाड मोडणे हे मोठे संकट असते. ताडासन, वृक्षासन यांसारख्या आसनांनी पायांची ताकद व शरीराचा तोल सुधारतो. लोकलच्या पुलाचे जिने रोज चढणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

नियमितपणाचे महत्त्व

अभ्यास दृढ होण्यासाठी तो पुष्कळ काळ, खंड न पाडता आणि आदरपूर्वक करावा, असे पतंजलींनी सांगितले आहे. आधुनिक अनुभवही त्याच दिशेने बोट दाखवतो. भारतातील २४ रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. योगाधारित कार्यक्रमातील रुग्णांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटू लागली व ते नित्याच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. मात्र पुन्हा झटका येणे, मृत्यू येणे यांसारख्या गंभीर घटनांच्या बाबतीत दोन्ही गटांत निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. ज्यांनी १३ पैकी किमान १० वर्ग पूर्ण केले, त्यांच्यात या घटना कमी आढळल्या. अर्थात मुळात सशक्त व शिस्तीची माणसेच वर्गाला अधिक येतात, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. तथापि वर्ग बुडवणाऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नाही, एवढे निश्चित.

स्नायूंची लवचिकता, श्वासाची लय व रक्तदाबावरील परिणाम हे सारे सरावाने मिळते आणि सराव थांबताच हळूहळू ओसरते. २१ जून या आंतरराष्ट्रीय योगदिनी मैदानात दोन तास आसने करून उरलेले वर्ष स्वस्थ बसणाऱ्यापेक्षा, रोज पंधरा मिनिटे चटईवर बसणारा साधक अधिक कमावतो. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी अंगाबाहेरचे आसन करावे, कंबर धरावी आणि अभ्यास कायमचा सोडावा, असे पुष्कळदा घडते. म्हणून आरंभ थोडक्यात करावा.

घरी करावयाचा अर्ध्या तासाचा क्रम

मुंबईतील घरे लहान असतात. परंतु एक चटई पसरण्याइतकी जागा एका खोलीच्या बिऱ्हाडातही निघते. घरातील मंडळी उठण्यापूर्वीची वेळ उत्तम.

१. मान, खांदे, मनगटे, गुडघे व घोटे सावकाश फिरवून मोकळे करणे : ३ मिनिटे
२. सूर्यनमस्कार, संथ गतीने चार ते सहा : ५ मिनिटे
३. ताडासन व त्रिकोणासन : ४ मिनिटे
४. बसून वक्रासन, दोन्ही बाजूंनी : ३ मिनिटे
५. पालथे झोपून भुजंगासन : २ मिनिटे
६. उताणे झोपून पवनमुक्तासन : २ मिनिटे
७. अनुलोम-विलोम, श्वास न रोखता : ४ मिनिटे
८. भ्रामरी : २ मिनिटे
९. शवासन : ५ मिनिटे

शवासनात पायांत थोडे अंतर ठेवून उताणे झोपावे. हात शरीरापासून किंचित दूर व तळवे वर असावेत. श्वासाबरोबर पोट वर येते व उच्छ्वासाबरोबर खाली जाते, याकडे लक्ष ठेवावे. मन भरकटले तर ते पुन्हा श्वासावर आणावे. ‘नुसते पडून राहणे’ म्हणून अनेक जण हे आसन गाळतात. प्रत्यक्षात रक्तदाब व ताण असलेल्यांसाठी सर्व क्रमात तेच अधिक मोलाचे आहे.

या क्रमाने चालण्याची गरज मात्र संपत नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. सावकाश केलेल्या आसनांनी ती गरज पुरी होत नाही. म्हणून योगाच्या जोडीला भरभर चालणेही ठेवावे.

घ्यावयाची काळजी

आसने रिकाम्या पोटी करावीत. जेवणानंतर तीन ते चार तास जाऊ द्यावेत. आसनात ताण जाणवावा, वेदना होऊ नये. वेदना, चक्कर वा छातीत दुखणे जाणवल्यास त्वरित थांबावे व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन, सर्वांगासन व श्वास रोखण्याचे प्रकार टाळावेत आणि कपालभाती डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये. हर्निया, मणक्याचा विकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गर्भावस्था यांतही तज्ज्ञांचे मार्गदर्शन आवश्यक आहे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून प्राणायाम करण्यात काहीच कमीपणा नाही. आरंभीचे धडे पुस्तक वा दूरदर्शन संच पाहून घेण्यापेक्षा जाणत्या शिक्षकासमोर घ्यावेत.

सर्वांत महत्त्वाचे असे की, योग सुरू केला म्हणून रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी परस्पर बंद करू नये. चार-सहा आठवडे बरे वाटते, गोळी सुटते आणि रक्तदाब कोणत्याही लक्षणाशिवाय पुन्हा चढतो. पक्षाघात किंवा हृदयविकाराच्या झटक्याने तो लक्षात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. आपण योगाभ्यास करीत आहोत हे डॉक्टरांना सांगावे, रक्तदाब व साखर वेळोवेळी तपासावी आणि औषधाचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

देवपूजेत ज्याप्रमाणे फुलांच्या संख्येपेक्षा नित्यनेमाला महत्त्व असते, त्याचप्रमाणे योगाभ्यासातही आहे. दर्शनाहून घरी परतल्यावर भाविकांनी आपल्या नित्यनेमात या अर्ध्या तासाची भर घालावी. तेवढा वेळ नसेल, तर पंधरा मिनिटांनी आरंभ करावा. पंगतीतून आधाराशिवाय उठता येईल, जिना चढताना धाप लागणार नाही आणि रात्री शांत झोप लागेल, तेव्हा या नेमाचे फळ साधकाला आपोआप कळून येईल.