वळताना रेस सोडू नकोस

लंकावीचं बुकिंग झालं म्हणे तुमचं, आणि त्यात जेट स्कीवरून बेटांची सफर आहे म्हणे. घरात सगळे तुला एकच सांगतायत, की जा, फिर, पण त्या पाण्यातल्या गाडीवर बसू नकोस. मी तसं सांगणार नाही. बस. अर्धा वेळ तरी पुढे बस, हँडल तुझ्या हातात असू दे. फक्त त्याआधी शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी दोन दिवस काढा आणि मालवणजवळ देवबागला जाऊन या. का, ते सांगते. घाई नाही ना तुला?

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या बायकांचं पाण्याशी वाकडंच आहे बघ. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, कुकडी प्रकल्पाची पाच पाच धरणं उशाला, आणि पोहता येणारी बाई शोधून सापडत नाही. भावांना पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकललं. आपल्याला काय शिकवलं? काठाला जाऊ नकोस. ज्या आंबेगावच्या नावानं आपला तालुका आहे, ते गावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं, म्हणून तर कचेरीच्या कामाला आपण घोडेगावला जातो. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांतल्या माणसांनी पुढं मच्छीमार सोसायटी करून त्याच पाण्यात जाळी टाकली. पाणी त्यांना कळतं. तुला-मला पाण्याची नुसती भीती दिली, ओळख दिलीच नाही. त्यामुळे तुझ्या भीतीला मी हसत नाही. पण जेट स्कीवर ही भीतीच घात करते, आणि ती कशी करते ते नीट समजून घे.

या मशीनला खाली फिरणारा उघडा पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून ते पाणी आत ओढतं, आतला पंखा तेच पाणी मागच्या नळीतून जोरात फेकतो आणि त्या रेट्यानं मशीन पुढं जातं. तू हँडल फिरवलंस की त्या नळीचं तोंड डावी-उजवीकडे होतं. झालं, एवढंच स्टिअरिंग. होडीसारखं सुकाणू नाही. म्हणजे नळीतून पाणी जोरात येत असेल तरच मशीन वळतं. आता आठव, नारायणगावच्या चौकात कोणी आडवं आलं की ॲक्टिव्हावर आपला हात पहिलं काय करतो? रेस सोडतो. इथे रेस सोडलीस की नळीतलं पाणी थांबलं, आणि मग हँडल कितीही फिरव, मशीन सरळ जातं. ज्या होडीला घाबरून तू रेस सोडलीस, तिच्यावरच. भाड्यानं मिळणाऱ्या पुष्कळ मशीनना ब्रेकही नसतो. नवीन महागड्या मॉडेलांत असतो, पण तुझ्या वाट्याला नवीन येईल असं धरून चालू नकोस. रेस थोडी ठेवून, हँडल पूर्ण फिरवून बाजूला निघायचं. हे मी शंभरदा सांगितलं तरी ऐन वेळी तुझं बोट सुटणारच, कारण हाताला सवय गाडीची आहे. ती सवय मोडायला मोकळं पाणी लागतं. लंकावीला पाच मिनिटांची तोंडी माहिती देतात आणि सफर सुरू होते. म्हणून आधी देवबाग.

जायचं कसं ते तुझा नवरा बघेल. पुणे, कोल्हापूर, फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल, मालवण. रात्रीचे निघा. देवबाग म्हणजे जमिनीची एक लांबट पट्टी आहे, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. पट्टी संपते तिथे दोघांचा संगम आणि तिथेच मधोमध वाळूचा उंचवटा, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं तिथले लोक सांगतात. भरतीला त्यावर पाणी चढतं. जेट स्की, बनाना राइड, बंपर, सगळा बाजार तिथेच. सुट्टीच्या दिवशी नुसती जत्रा असते, एका राइडला काही मिनिटं मिळतात आणि मागचा माणूस आपल्याला गोल फिरवून आणतो. त्यात शिकायला काही मिळत नाही. म्हणून मधला वार म्हटलं. मंगळवारी-बुधवारी सकाळी गर्दी नसते, मशीनवाल्याला वेळ असतो. त्याला सरळ सांग, "दादा, मला फोटो नकोत, चालवायला शिकायचंय." दोन राइडचे पैसे जास्त दे. त्याला मागे बसवून मोकळ्या पाण्यात हळू वेगात एकदा रेस सोडून हँडल फिरवून बघ. मशीन ऐकत नाही हे एकदा तुझ्या मनगटाला कळू दे. मग रेस ठेवून वळ. आठ-दहा वेळा केलंस की बोट शहाणं होतं. एक लक्षात ठेव, उथळ वाळूवर मशीन चालू करायचं नाही, खालची जाळी वाळू-खडे आत ओढते. कमरेएवढ्या पाण्यात ढकलत न्यायचं आणि मग चालू करायचं.

आता जे तुला कोणी पुरुष सांगणार नाही ते सांगते. शिकवताना माणूस मागे बसतो आणि त्याचे हात तुझ्या दोन्ही बाजूंनी हँडलवर येतात. अवघडल्यासारखं होतं. बऱ्याच जणी म्हणूनच म्हणतात, तुम्ही पुढे बसा, मी मागे बसते. मला विचारशील तर पुढेच बस आणि मोठ्या आवाजात, नवऱ्यासमोर, सांग: "दादा, हात हँडलवरच ठेवा." चांगला माणूस असेल तर त्याला राग येत नाही. आणि आला तर दुसरं मशीन बघायचं, किनाऱ्यावर एकच नसतं. कारण मागच्या सीटचं दुखणं वेगळं आहे. जोरात रेस दिली की मागचा माणूस मागच्या मागे पडतो, आणि पडतो तो नेमका त्या नळीच्या तोंडासमोर. त्या पाण्याचा जोर इतका असतो की ते शरीरात शिरून आतल्या नाजूक अवयवांना भयंकर इजा होऊ शकते, आणि बाईला तर जास्तच. मशीन बनवणाऱ्या कंपन्या स्वतः हे स्टिकरवर छापतात, की साधा पोहण्याचा पोशाख पुरत नाही, पाणबुडे घालतात तसली जाड रबरी पँट घाला. आपल्याकडे कोण वाचतं स्टिकर! तर लंकावीला जायच्या आधी तशी वेटसूटची आखूड पँट घेऊन ठेव, खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात मिळते. वर पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टॉप घाल. अंगही झाकतं आणि उन्हानं खांदेही सोलवटत नाहीत. मागे बसलीस तर चालवणाऱ्याच्या जॅकेटचा पट्टा धर, मांड्यांनी सीट घट्ट आवळ, आणि तो म्हणेपर्यंत मोबाईलसाठी एक हातही सोडू नकोस. मोबाईल न्यायचाच नाही, खरं तर.

ओढणी नको, शर्टाची सुटी टोकं नकोत. खालची जाळी पाणी ओढते तशी दोरी, कपडा, केससुद्धा ओढते. वेणी घालून जॅकेटच्या आत खोच. हिरव्या काचेच्या बांगड्या काढ, हँडलवर आपटून फुटल्या तर मनगटच कापेल. आणि मंगळसूत्र खोलीवर लॉकरमध्ये. समुद्रात गेलेलं सोनं कुणाला सापडत नाही. आईंना आधीच सांगून जा, फोटोत गळा मोकळा दिसला की फोन येतोच.

लाल गुंडाळीची एक दोरी असते, तिचं एक टोक मशीनच्या बटणाला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला. पडलीस की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. ती बांधल्याशिवाय मशीन हलवू द्यायचं नाही, तू चालवत असलीस की तुझ्या हाताला, त्याच्या नाही. पडायला लागलीस तर हँडलला लोंबकळू नकोस, सोडून दे. वर आलीस की आधी श्वास घे, मग पोहत मशीनच्या मागच्या बाजूला जा आणि इंजिन बंद आहे ना ते बघून मागूनच चढ. बाजूनं चढायला गेलीस तर ते तुझ्यावरच कलंडतं. उलटंच झालं असेल तर मागच्या स्टिकरवर बाण असतो, त्याच दिशेनं फिरवायचं. लाइफ जॅकेटचे सगळे बक्कल लावून नवऱ्याला दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांग. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, बदलून घे.

आणि मे महिन्यात मुळीच जायचं नाही. २०२२ च्या मे अखेरीस तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. २०२४ च्या मे महिन्यात उजनी धरणात कळाशी-कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. उजनीचं पाणी परकं नाही गं, आपली कुकडी घोड नदीला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा उजनीला. या दोन्ही दिवसांत मला एक गोष्ट सारखी दिसते: पावसाच्या तोंडावरचे दिवस, आणि लोकांना अजून उन्हाळ्याची सुट्टीच वाटत असते. मे अखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत कोकणात हे खेळ बंद ठेवतात, ते उगाच नाही. पण मला विचारशील तर बंदीच्या आधीचे पंधरा दिवसही टाळावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. सकाळी लवकर उतर, दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा उभ्या राहतात.

मालवणला गेलीसच तर सिंधुदुर्ग बघ, आपल्या शिवनेरीवर जन्मलेल्या राजानं १६६४ मध्ये पायाभरणी करून भर समुद्रात बांधलेला किल्ला. पण तो होडीनं बघ. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत आणि प्रवाळही. १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्यात आहे. तिथे जेट स्की घुसवू म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याकडे राइडच घेऊ नकोस. नियम मोडतो म्हणून तर आहेच, पण खडक कुठे आहेत याची ज्याला पर्वा नाही तो तुझी काय करणार?

आता लंकावीचं. तो नव्व्याण्णव बेटांचा पुंजका आहे, आणि सफरीत दायांग बुन्तिंग बेटावर नेतात, तिथे डोंगरांच्या मध्ये गोड्या पाण्याचं तळं आहे. तीन-चार तास जातात. पुढे गाइड, मागे एका ओळीत सगळे. गाइडच्या हाताच्या खुणा निघायच्या आधी विचारून घे, प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. ताशी पन्नासच्या वेगाला मशीन एका सेकंदात जवळजवळ चौदा मीटर जातं, तेव्हा पुढच्याच्या शेपटीला लागू नका. नवरे एकमेकांशी शर्यत लावतात, त्यांना तिथेच टोक. पुढच्यानं उडवलेल्या लाटेवर सरळ उडी मारण्यात मजा वाटते, पण मणका दणकतो. कंबर दुखत असेल तर सीटवरून किंचित उठून गुडघ्यांवर धक्का घे. जागा बदलायची तर गाइड थांबवेल तिथे, इंजिन बंद करून. अर्धा वेळ तुझा, हे घरूनच ठरवून निघ. किनाऱ्यावर गेल्यावर मागायला लाज वाटते.

पैशांचं थोडक्यात. मशीन हातात घ्यायच्या आधी चारी बाजूंनी मोबाईलवर व्हिडिओ कर, मालकाच्या समोर. जुने ओरखडे तुमच्या माथी मारून पैसे उकळायचा धंदा पट्टाया-फुकेतकडे चांगलाच गाजलाय. पासपोर्ट अनामत म्हणून कुणाला द्यायचा नाही. आणि प्रवासाचा विमा काढाल त्यात जेट स्की येते का ते वाच, पुष्कळ पॉलिसीत जादा पैसे भरल्याशिवाय असले खेळ धरतच नाहीत.

पाळीची तारीख बघ. पॅड पाण्यात फुगतं, कप वापरायचा तर दोन महिने आधीपासून घरी सवय कर. पाळी पुढे ढकलायची गोळी मैत्रिणीच्या पाकिटातली घ्यायची नाही, डॉक्टरीणबाईंना विचारून. आणि दिवस गेल्याची जरासुद्धा शंका असली, तर नवऱ्याला जाऊ दे मशीनवर. तू होडीतून बेटं बघ, काही बिघडत नाही.

राहिलं पोहणं. जॅकेट असताना पोहता यायलाच हवं असं नाही, पण तोंडावर पाणी आल्यावर जी पाय झाडते तिला जॅकेटही पुरत नाही. सरावाला धरणावर मात्र जाऊ नका कुणाच्या नादी लागून. काठावर गाळ, पुढं एकदम खोल, आणि बघायला कोणी नाही. चाकण-पुण्याकडे बायकांच्या वेळेचा तलाव शोध, जीवरक्षक असलेला. तिथल्या मॅडमना सांग, हातपाय मारायचं नंतर शिकवा, आधी मला पाठीवर उताणं पडून राहायला शिकवा, कान पाण्यात बुडवून.