ऑइल बदलले आणि एंजिन अडखळू लागले

आपल्या छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा आणि वाळूज या औद्योगिक वसाहतींतला माल वाहणारे ट्रक रोज तुमच्या नजरेला पडतात. त्यांतला एखादा जुना, सहा सिलिंडरांचा डिझेल ट्रक डोळ्यांसमोर आणा. काल त्याचे सर्व्हिसिंग झाले, ऑइल बदलले, आणि आज तो ‘मिसिंग’ मारतो आहे. उभा असताना सारी केबिन थरथरते. वेग दिला की थरथर कमी होते. ड्रायव्हरचा निष्कर्ष ठरलेला असतो : ऑइल भेसळीचे निघाले! मग दहा-बारा लिटर नवे तेल काढून दुसरे भरले जाते, दिवसाचे भाडे बुडते, आणि पुष्कळदा मिसिंग होते तसेच राहते.

ऑइल खरोखर दोषी आहे का, हे आपण पदार्थविज्ञानाला विचारू.

प्रथम थरथरीचाच हिशेब करा. चार धावी एंजिनात प्रत्येक सिलिंडरातील इंधन दर दोन फेऱ्यांत एकदा पेटते. एंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरात सेकंदाला ५ वेळा ज्वलन होईल. सहांचे मिळून ३० धक्के. आता एक सिलिंडर गप्प झाला, तर सेकंदाला ५ वेळा एकेक धक्का चुकेल. तीच ही थरथर. फेरे दुप्पट झाले की फ्लायव्हील या जड चाकातील गतिज ऊर्जा चौपट होते आणि चुकलेल्या धक्क्याची उणीव ते सहज भरून काढते. म्हणून वेग दिल्यावर दोष गेल्यासारखा वाटतो. तो गेलेला नसतो.

आता ऑइलकडे या. ते सहाही सिलिंडरांना एकाच चेंबरमधून आणि एकाच पंपाने मिळते. तेल अधिक दाट असेल तर एंजिन सुरू व्हायला जड जाईल, पातळ असेल तर ऑइलचा दाब कमी दिसेल. पण हा परिणाम सगळ्या सिलिंडरांवर होईल. जे सर्वांना सारखे मिळते, ते एकालाच कसे आजारी पाडील? दोष एका-दोन सिलिंडरांपुरता असेल, तर ऑइलवरचा संशय बराच उतरतो.

तो एक सिलिंडर कोणता, हे जाणता मिस्त्री पाच मिनिटांत सांगतो. एंजिन चालू ठेवून तो एकेका नोझलच्या पाइपाचे नट किंचित सैल करतो, म्हणजे त्या सिलिंडराचे डिझेल तोडतो. चांगला सिलिंडर तोडला की आवाज आणखी बिघडतो. ज्याला तोडूनही आवाजात फरक पडत नाही, तो आधीच गप्प होता. वेळी एकच गोष्ट बदलून बाकी सर्व तसेच ठेवायचे, ही तुमच्या प्रयोगशाळेतलीच रीत आहे. (हे काम जाणत्याचेच, दाबाने उडालेली डिझेलची बारीक धार कातडीत शिरते. आणि नव्या, इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या एंजिनांत तर दाब १००० वातावरणांच्याही वर जातो. तेथे हे नट सैल करायचेच नसते.)

मग दोष आला कोठून? सर्व्हिसिंगचे बिल नीट वाचा. ऑइलबरोबर बहुधा डिझेल फिल्टरही बदललेला असतो, आणि नव्या फिल्टरच्या भांड्यात हवा असते. ती काढून टाकली नाही तर डिझेलबरोबर पुढे पंपात जाते.

एवढीशी हवा इतका गोंधळ कशी घालते? घरी करून पाहा. सुई नसलेल्या दोन पिचकाऱ्या, म्हणजे डॉक्टरांच्या सिरिंजा, रबरी नळीने जोडा आणि पूर्ण पाण्याने भरा. एक दट्ट्या दाबताच दुसरा लगेच सरकतो. आता नळीत मोठा बुडबुडा राहू द्या आणि दुसरा दट्ट्या बोटाने अडवून धरा. पहिला दट्ट्या आत जातो, पण दुसऱ्यावर जोर फारसा येत नाही, बुडबुडाच आक्रसतो.

ट्रकमध्ये हेच घडते. जुन्या एंजिनातील नोझल सुमारे २०० वातावरण दाबाला उघडते. एवढ्या दाबाने डिझेलचे आकारमान जेमतेम दीड टक्का घटते. पण पाइपात १०० घन मिलिमीटरचा, म्हणजे वाटाण्याहूनही लहान, बुडबुडा असेल, तर बॉइलच्या नियमाप्रमाणे तो अर्धा घन मिलिमीटर उरेपर्यंत नोझल उघडणारच नाही. पंप एका धक्क्याला काही दशक घन मिलिमीटर डिझेलच ढकलतो. तो सारा धक्का बुडबुडाच गिळून टाकतो! बुडबुडा पुढे सरकून निघाला की सिलिंडर पुन्हा बोलू लागतो, दुसरा आला की गप्प. म्हणून हे मिसिंग लहरी असते.

उपाय फुकटचा आहे. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. फेस थांबून अखंड धार आली की स्क्रू आवळायचा. मग पंपावरच्या स्क्रूलाही तसेच. पुन्हापुन्हा हवा येऊ लागली तर फिल्टरचे वॉशर नीट बसलेले नाही.

सहाही सिलिंडर सारखेच कण्हत असतील आणि धूर काळा असेल, तर जुन्या पद्धतीचा ऑइलवाला एअर क्लीनर उघडून पाहा. त्याच्या वाटीत खुणेपेक्षा जास्त तेल ओतले गेले की हवेची वाट अडते. धूर निळसर असेल तर ऑइल स्वतःच जळते आहे. ट्रक सपाट जागी उभा करून, एंजिन बंद करून, थोड्या वेळाने गजावर पातळी पाहा. वरच्या खुणेच्याही वर तेल असेल तर फिरता क्रँक ते घुसळून फेस करतो. येथे दोष ऑइलच्या प्रतीचा नाही, मापाचा आहे. जास्तीचे तेल काढेपर्यंत एंजिन चालवू नये. तेलाचे तुषार हवेच्या वाटेने सिलिंडरात गेले, तर डिझेल एंजिन त्यांच्यावरच चालू लागते आणि ॲक्सिलरेटर सोडूनही वेग वाढतच जातो.

आणि हवा काढूनही तोच सिलिंडर गप्प राहिला तर? त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडराला लावा, शेजारचे त्याला. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल दुरुस्तीला द्या. जागेवरच राहिला, तर पंपाचा तो भाग, झडपा आणि दट्ट्याच्या रिंगा तपासायला हव्यात.