साक्षीदार कोण?

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांच्यात घनघोर संग्राम झाला. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले. सेनापती सदाशिवराव भाऊ रणधुमाळीत दिसेनासे झाले. त्यांचे पुढे काय झाले? हे शोधावयाचे तर कोणत्या कागदावर किती भिस्त ठेवावी?

‘भाऊसाहेबांची बखर’ बहुधा प्रथम हाती येते. तिची भाषा मोठी ओजस्वी. वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात. परंतु ऐन रणात कोण कोणास काय बोलले, हे बखरकार शब्दशः सांगू लागला, की आपण थांबावे. तोफांच्या गडगडाटात ते टिपून घेण्यास कोण बसले होते? म्हणून बखर फेकून मात्र देऊ नये. या पराभवाने मराठी मन कसे पोळले, ते तिच्याइतके कोणी सांगत नाही.

काशीराज पंडितांचा वृत्तांत फारसीत आहे. ते मूळचे दक्षिणी, पण चाकरी अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याची. म्हणजे लढाईच्या दिवशी ते अब्दालीच्या पक्षात होते. शत्रूकडील म्हणून त्यांची साक्ष नाकारावी काय? मुळीच नाही. भाऊंचे शिरावेगळे धड अंगावरील खुणांवरून ओळखले गेले, असे ते लिहितात. त्या गोटातील हकिकत त्यांनी जवळून पाहिली होती. मराठ्यांच्या छावणीतील गोष्टी मात्र त्यांना बव्हंशी ऐकूनच कळल्या असणार. शिवाय त्यांनी हे लिहिले १७८० च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी.

त्याच दिवसांतील पत्रे अधिक मोलाची. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली अशी पत्रे छापून बखरींतील अनेक चुका दाखविल्या. पुढे सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. तथापि पत्रही डोळे मिटून स्वीकारू नये. पैसा मागणारा आपली अडचण वाढवून सांगतो. दूरच्या गावचा लेखक बाजारातली बातमीच खरी मानतो.

आणि बाजारात तर भाऊ जिवंत असल्याची वार्ता वर्षानुवर्षे फिरत होती. तिचा लाभ घेऊन एक तोतया ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. पुष्कळ लोक त्याला मिळाले. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी मात्र १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कपाळीचे कुंकू पुसले नाही.