पहिल्या घराची खरेदी : हक्काचा शोध आणि कायदेशीर पडताळणी

सर्वसामान्य कुटुंबाच्या आयुष्यात घरखरेदी हा बहुधा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार असतो. अनेक वर्षांची बचत आणि पुढील पंधरा-वीस वर्षांचे कर्जहप्ते त्यात गुंतलेले असतात. अशा व्यवहारात विक्रेत्याचा हक्कच सदोष निघाला, तर घर हातचे जाते आणि कर्ज मात्र शिल्लक राहते. म्हणूनच खरेदीपूर्व पडताळणी हा केवळ वकिलांचा विषय नसून भारतातील भूमी-अभिलेख व नोंदणी व्यवस्था समजून घेण्याचा मार्गही आहे. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे.

घटनात्मक व कायदेशीर चौकट

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार जमीन व भूमी-अभिलेख हे राज्यसूचीतील विषय (अनुक्रमे नोंद 18 व नोंद 45) आहेत. तर शेतजमीन वगळता अन्य मालमत्तेचे हस्तांतरण आणि दस्तांची नोंदणी हे विषय समवर्ती सूचीत (नोंद 6) येतात. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्क राहिला नसून अनुच्छेद 300-अ अन्वये तो घटनात्मक हक्क आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 नुसार 100 रुपये व त्याहून अधिक मूल्याच्या मूर्त स्थावर मिळकतीची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. याच कलमानुसार विक्रीचा करार, म्हणजेच साठेखत, स्वतःहून मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण करीत नाही. कुलमुखत्यारपत्र, साठेखत व मृत्युपत्र यांच्या आधारे होणाऱ्या ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले.

नोंदणी दस्ताची, मालकीची नव्हे

आपल्याकडील व्यवस्थेचे मर्म येथे आहे. नोंदणी अधिनियम, 1908 अन्वये दस्ताची नोंदणी होते. विक्रेता खरोखर मालक आहे याची हमी शासन देत नाही. दुय्यम निबंधकाने विक्रेत्याचा हक्क तपासणे या अधिनियमाच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये तामिळनाडूतील के. गोपी प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे आपल्याकडील मालकी ‘गृहीतात्मक’ स्वरूपाची मानली जाते. ती दस्तांच्या अखंड साखळीवरून सिद्ध करावी लागते, आणि साखळी तपासण्याची जबाबदारी खरेदीदारावर येते.

चार अभिलेख, चार प्रश्न

प्रत्येक अभिलेख एका प्रश्नाचे उत्तर देतो व दुसऱ्याबाबत मौन राखतो. म्हणून एकाच कागदावर विसंबून चालत नाही.

1. नोंदणी कार्यालयातील सूची : मिळकतीचे कोणते दस्त नोंदले गेले, हे सूचीवरून कळते. कलम 57 अन्वये शुल्क भरून या सूचींची पाहणी करता येते. महाराष्ट्रात ‘इंडेक्स-2’, तर तामिळनाडू, कर्नाटक आदी राज्यांत ‘एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट’, म्हणजे बोजा प्रमाणपत्र, प्रचलित आहे. शोध साधारणतः 30 वर्षांचा घेण्याचा प्रघात आहे. मात्र वारसाहक्क दस्ताविना प्राप्त होत असल्याने तो या सूचीत दिसत नाही.

2. महसुली अभिलेख : महाराष्ट्रातील सातबारा, फेरफार व मिळकत पत्रिका, उत्तर प्रदेशातील खतौनी, तामिळनाडूतील पट्टा हे या वर्गात मोडतात. वारस नोंदी, जमिनीचा धारणाप्रकार व बोजे यांतून समजतात. तथापि, फेरफार नोंद ही प्रामुख्याने महसूल वसुलीसाठी असते. तिने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

3. गहाणाची नोंद : मूळ दस्त बँकेकडे ठेवून केलेले गहाण नोंदणी कार्यालयाच्या सूचीत दिसेलच असे नाही. यासाठी 2011 पासून ‘सरसाई’ ही केंद्रीय नोंदणी यंत्रणा कार्यरत आहे. विक्रेत्याकडे मूळ दस्त नसून केवळ छायाप्रती असतील, तर ही तपासणी अधिकच आवश्यक ठरते.

4. बांधकामविषयक परवानग्या : मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र यांवरून इमारत वैध आहे किंवा नाही हे कळते. हक्क निर्दोष असूनही बांधकाम बेकायदा असू शकते. नोएडातील जुळे मनोरे सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानुसार 28 ऑगस्ट 2022 रोजी पाडण्यात आले, हे याचे ठळक उदाहरण होय.

यांखेरीज मिळकतीबाबत दावा प्रलंबित आहे काय, हेही पाहावे. अधिनियमाच्या कलम 52 मधील तत्त्वानुसार दाव्यादरम्यान झालेले हस्तांतरण निकालास अधीन राहते.

एक उदाहरण

समजा, एका हिंदू गृहस्थाने 1994 मध्ये स्वकष्टार्जित पैशातून घर घेतले. 2012 मध्ये मृत्युपत्र न करता त्यांचे निधन झाले. मागे पत्नी, मुलगा व विवाहित मुलगी असे तीनच वारस राहिले. मुलाने अभिलेखात केवळ स्वतःचे नाव लावून घेतले आणि घर विकले. खरेदीदाराने पूर्ण किंमत दिली, मुद्रांक शुल्क भरले, दस्तही नोंदविला. तरीही हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार तिन्ही वारसांचा हिस्सा समान असल्याने मुलाला सामान्यतः स्वतःचा एक-तृतीयांश हिस्साच देता येतो. नोंदणी सूचीत 1994 चा दस्त निर्वेध दिसतो आणि अभिलेखात मुलाचे नाव असते; दोष दिसतो तो मृत्यूनंतरच्या वारसांची चौकशी केल्यावरच. अशा वेळी सर्व वारसांची खरेदीखतावर सही, अथवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेणे हाच उपाय होय.

वडिलोपार्जित मिळकतीत तर 2005 च्या दुरुस्तीने मुलींनाही सहदायाद म्हणून समान हक्क दिला आहे. विनीता शर्मा प्रकरणात (2020) सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले.

नव्या प्रकल्पातील संरक्षण

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 अर्थात ‘रेरा’ने खरेदीदारास मोठे बळ दिले. सदनिकेच्या किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी नोंदणीकृत करार बंधनकारक आहे (कलम 13). खरेदीदारांकडून मिळालेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. जमिनीच्या सदोष हक्कामुळे नुकसान झाल्यास प्रवर्तकाने भरपाई द्यावयाची असून त्या दाव्यास मुदतीची मर्यादा नाही (कलम 18). मात्र व्यक्तीकडून घेतलेल्या जुन्या घराच्या पुनर्विक्रीस हे संरक्षण सामान्यतः लाभत नाही. तेथे स्वतःची पडताळणी हाच आधार.

समारोप

बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे हक्क निर्दोष ठरला, असा समज रूढ आहे. बँकेची तपासणी तिच्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी असते. खरेदीदाराने स्वतंत्र वकिलाकडून शोध अहवाल घेणे इष्ट. व्यापक पातळीवर, 2008 मध्ये सुरू झालेल्या व पुढे ‘डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम’ म्हणून पुनर्रचित झालेल्या योजनेने अभिलेखांचे संगणकीकरण साधले. तथापि, संगणकावरील नोंद मूळ नोंदीइतकीच अचूक असते. शासनाने मालकीची हमी देणारी ‘निर्णायक हक्क’ पद्धती सर्वत्र येईपर्यंत नागरिकांची कायदेविषयक साक्षरता हेच घराच्या हक्काचे पहिले संरक्षण आहे.