गळके हेड आणि प्रसरणाचा धडा

हिमायतनगरातील आमच्या घरासमोर वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी उभी असते. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेले हे इटलीच्या फियाट ११०० चे भारतीय रूप. गेल्या उन्हाळ्यात आबिड्सला जाऊन येईतो रेडिएटरमधले पाणी उतरू लागले. हेड व ब्लॉक यांच्या सांध्यावर तांबूस ओघळ दिसला. मी गरम इंजिनालाच पाना लावून ओघळाजवळचा नट होता तेवढा जोर करून आवळला. दुसऱ्या दिवशी गळती दुपटीने वाढली!

असे का व्हावे? या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तर हेड अॅल्युमिनियमचे. तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की अॅल्युमिनियम मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढते; बीड सुमारे ११. उदाहरणादाखल ४० सेंटिमीटर लांबी व ६० अंशांची वाढ धरली, तर दोहोंत जवळजवळ ०.२९ मिलिमीटरचा फरक पडतो. इंजिन तापताना व निवताना ही ओढाताण मधले गास्केट सोसते. एकाच नटावर जोर दिला की तेथे हेड दबते, दुसरीकडे पकड सैल पडते आणि पाण्याला वाट मिळते.

म्हणून आधी निदान करावे. थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरात सतत बुडबुडे आले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत असण्याचा संभव असतो. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसले, तर पाणी तेलात उतरले असावे. अशी गाडी चालवू नये. गरम रेडिएटरचे टोपण तर कधीच उघडू नये.

आम्ही पाणी काढून हेड उतरविले. त्यावर सरळ पट्टी उभी, आडवी, तिरपी ठेवून फटीत फीलर गेज सरकविले. हेड वाकलेच होते! ते फेसिंग करून आणले, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ केले व नवे गास्केट घातले. मग मधल्या नटापासून बाहेर जात, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने पुस्तिकेतील आकड्याइतकेच आवळले. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर व कूलंट भरले. गळती थांबली.

बी. एस्सी.च्या वर्गात प्रसरणांकाचा प्रयोग मी बिनचूक केला होता. गुणही चांगले मिळाले होते. परंतु पाना हाती येताच तो विसरलो. वडील एवढेच म्हणाले, "अरे, वहीतले ज्ञान गाडीपर्यंत यायला एक हेड वाकावे लागले!"